मोरपिसाची माशी

४ डिसेंबर १९४९
दादा लष्करातून कायमचा घरी आला. उजव्या पायाची दोन बोटं बर्फानं गेली, काश्मिरातच कापली. आईनं त्याचे पाय धुतले. पहिला प्रश्न एवढाच, "तिकडं पाणी गाळून पीत हुतास न्हवं?"
"बर्फ हुता गं आई. त्यो कसा गाळायचा?"
आई हसली, म्हणून आम्हीही.

७ डिसें.
सकाळी दादा खळ्यात. लांब काठीला दोरी बांधून मागं-पुढं फेकत होता. दोरी अलगद गवतावर टेके, की पुन्हा उचलायची. शेजारचे बाळूकाका कुंपणावरून म्हणाले, "गड्या, जोंधळ्यात मासं घावत्यात व्हय?"
दादानं काठी लगेच खाली ठेवली. आई कुठं आहे ते आधी बघितलं.

९ डिसें.
सांगलीच्या शाळेत शिकवून परतताना दादा वाटेवर भेटला. नदीच्या घाटावर बसलो. आपणहून बोलला.
गेल्या हिवाळ्यात वाट बर्फानं बंद झाली. चौकीखालचा ओढा मधोमध तेवढा वाहता. कॅप्टनसाहेबांना मासेमारीचा नाद. दुपारी ऊन आलं की बर्फावरून बारीक काळ्या माश्या उडत, तेवढाच वेळ मासे वर येत. गळावर पिसं दोऱ्यानं गुंडाळून तशीच खोटी माशी करायची, पाण्यावर अशी सोडायची की तरंग उठू नये. दोरी काठीच्या कड्यांत गोठून बसे. मग कडी तोंडात धरून बर्फ वितळवायचा. रसद संपली, साहेब तापानं पडले, मग ओढ्यावर दादा एकटा.
"चौकीवरचं आमी तिघं जगलो," म्हणाला. खाल्ले का, हे मला विचारवेना. त्यानंच सांगितलं. "खाल्लं."
जैनाच्या घरात. आईला कळायला हवं. सत्य लपवून घर कसं —

१२ डिसें.
भलतंच झालं. कोट वाळत घालताना आईला खिशात डबी सापडली. आत मोरपिसाची इवलीशी गुंडी. तिला वाटलं, कुणा मुनिमहाराजांच्या पिंछीतलं पीस, दादानं इतक्या लांबून जपून आणलेलं. डोळे भरले तिचे. बोटाला काही टोचलं, तेही मनावर घेतलं नाही. देव्हाऱ्यात ठेवली, शेजारणींना बोलावून दाखवली.
मुंगीसुद्धा दुखावू नये म्हणून महाराज जिनं वाट झाडतात, ती मोरपिसांची पिंछी.
मी दादाकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

१३ डिसें.
आरतीआधी दादानं डबी उचलली. "आई, ह्ये पिंछीचं न्हाई. ह्याच्यात गळ हाय." मग सगळं सांगितलं, खाल्लेलंही. वडील उठून गोठ्यात गेले.
आईनं आरतीचं तबक खाली ठेवलं. मग म्हणाली, "महाराजांकडं जाऊ. चुकलो म्हण, प्रायश्चित्त घे."
"'चुकलो' असं न्हाई म्हणवत. त्या जिवांवर जगून हितं बसलोय."
"माझ्यासाठी म्हण."
"तुला खोटं कसं सांगू?"

१५ डिसें.
आईला आपद्धर्म समजावायला गेले. बी. ए. चं सगळं वापरलं. म्हणाली, "सुमे, तुला बोलाय येतं. मला दिसतं त्येवढंच कळतं. त्येनं जीव घेतला."
मग दादाकडं गेले. म्हटलं, एक शब्द म्हण, घर सावरेल. तो हसला. "मास्तरीणबाई, पोरींना ह्येच शिकवता?"


१७ डिसें.
आईनं कालपासून अन्न सोडलंय. रागानं नव्हे. दादाचं प्रायश्चित्त ती स्वतः करते आहे. किती दिवस, सांगत नाही. चेहरा अगदी शांत, त्याचीच भीती वाटते.
दादाला आज सकाळी समजलं. भाकरी मोडली होती, तशीच ठेवून उठला. तेव्हापासून तोही —
दोघांची ताटं वाढून ठेवलीत. ऊन भिंतीवर चढलंय; मावळल्यावर आमच्यात कुणी जेवत नाही.
आत्ता दादा लंगडत आत गेला, आईच्या पुढ्यात बसला. काहीतरी बोलतो आहे. 'चुकलो' म्हणाला का, इथून कळत नाही.