मोठी काच

दि. ९ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कुरकुर करतो असं भाऊजी सांगत होते. इकडे सासूबाई ठीक आहेत. दुपारी खिडकीपाशी बसून पेपर वाचतात आणि छपाईच्या चुका मला मोठ्याने सांगतात. दुकानाचं शटर नीट करून घेतलं. आता एका हाताने वर जातं.

तुम्ही भाऊजींना निरोप दिलात की दुकान बंद करून जागा भाड्याने द्यावी. मला थेट लिहिलं नाहीत, पण उत्तर मीच द्यायला हवं, म्हणून हे पत्र. मला पत्र लिहायची सवय नाही. जमेल तसं लिहिते.

हे गेल्यापासून आपण मोठ्या काचा बसवायची कामं घेणं बंद केलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मोठी काच दोघांनी न्यावी लागते. मागचा माणूस आवाज देतो आणि पुढचा त्या आवाजावर पाऊल टाकतो. मागे नेहमी हे असायचे, पुढे मी. "उचल, चल, टेक." एवढ्या तीन शब्दांवर आमची इतकी वर्षं गेली. नंतर मी आणि भाऊजी तसबिरींच्या काचा, कपाटांची दारं, न्हाणीघराच्या खिडक्या एवढंच करत राहिलो. त्यावर दुकान चालत नाही. तुमचं म्हणणं त्या बाबतीत खरं होतं.

आणि मग मी छातीचं ते ऑपरेशन करून घेतलं. तुम्ही मदतीला आलात, कसलं ते कळल्यावर न जेवता परत गेलात, आणि जाताना म्हणालात, "आता काचा काय उचलणार ही. शोकेसमध्ये बसेल." भाऊजी हसले आणि मग हसल्याबद्दल दोन दिवस माझ्यासमोर मान खाली घालून वावरले. शोकेसचं मला तेवढं लागलं नाही. दुसरं एक वाक्य लागलं, त्याबद्दल पुढे लिहीन.

डॉक्टरीणबाईंना मी आधीच विचारलं होतं, की मला काचा उचलता येतील ना. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग त्यांनी नीट समजावलं: आधी नुसतं चालायचं, मग हलकं काम, खांद्याच्या वर हात नंतर, आणि वजन त्या सांगतील तेव्हाच. सुरुवातीला केस विंचरायलाही सासूबाई लागायच्या. त्या कंगवा फिरवत असायच्या आणि एक शब्द विचारायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "दुखतंय का गं?" मी म्हटलं, थोडं. "मग गप्प बस," म्हणाल्या आणि वेणी घालून दिली.

परवानगी मिळाल्यावर पहिलं काम घेतलं ते दवाखान्याच्या एका खिडकीचं. काच मध्यम होती. तिथे माझी फजिती झाली. काच चौकटीत बसवताना खालची कड खाचेत टेकवायची, मग काच छातीने तोलून धरायची, म्हणजे एक हात पट्टी ठोकायला मोकळा होतो. ह्यांनीच मला ते शिकवलं होतं. मी सवयीने पुढे झुकले आणि काच मला अपेक्षेपेक्षा आधीच लागली. तिला उलटा धक्का बसला, कड खाचेतून सुटली आणि कोपरा टिचला. भाऊजी एकदम छताकडे बघायला लागले. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, खाली बघा, तुकडे पायात जातील." तेव्हा कुठे दोघांना हसू आलं.

घरी आल्यावर मात्र हसू राहिलं नाही. वाटलं, वन्सं म्हणाल्या तसंच होणार. काच मला ओळखत होती ती माझ्या जुन्या अंगाने.

मग मी मोठ्या काचेच्या मापाचा प्लाय कापला आणि मागच्या अंगणात रिकामी चौकट उभी केली. रोज सकाळी भाऊजी आणि मी तो प्लाय आत-बाहेर करायचो. शेजारचे सुतार भिंतीवरून विचारायचे, "वहिनी, आज तरी खिडकी उघडली का?" छाती लावायची नाही तर काय लावायचं, हे शोधायला वेळ लागला. शेवटी खांदा सापडला. काचेला सामोरं न जाता तिरकं उभं राहायचं आणि खांद्याने तोलायचं. तसं उभं राहिलं की खालची कड आणि खाच दोन्ही दिसतात. आधी आम्ही ते अंदाजाने करायचो. हे असते तर त्यांनी मान हलवली असती आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःही तसंच केलं असतं.

परवा नाक्यावरच्या औषधांच्या दुकानाची दर्शनी काच बसवली. आपण आजवर लावलेल्यांत ती सर्वांत मोठी. वारा होता. दुकानदार दोनदा विचारून गेला की अजून माणसं येणार आहेत का. भाऊजींनी पुढचं टोक धरलं. मागे मी. आणि मग आम्ही नुसते उभे राहिलो, कारण आवाज कोणीच देईना. भाऊजी पाठमोरे वाट बघत होते. माझ्या तोंडून ते शब्द निघेनात, वन्सं. ते त्यांचे होते.

मग दंड भरून आले, आणि मी ओरडले, "उचल!"

रस्त्यावरची माणसं थांबली. मी पुढचे शब्दही ओरडले. काच रस्ता ओलांडून गेली, पायरी चढली, खाचेत बसली, आणि मी खांद्याने ती धरून ठेवली तोवर भाऊजींनी पट्ट्या ठोकल्या. कुठेही कणभर टिचली नाही. भाऊजी घाम पुसत म्हणाले, "वहिनी, दादासुद्धा एवढं ओरडायचा नाही." मी त्या काचेत स्वतःला बघितलं. पूर्ण, उभी, समोरून. बराच वेळ बघितलं.

आता ते वाक्य. दारातून तुम्ही विचारलंत, "आता कोणाला दाखवायचंय?" माझ्या छातीची एक बाजू पहिल्यापासून जवळजवळ सपाट होती. मी आरशाकडे पाठ करून कपडे बदलायची. ह्यांना माहीत होतं. ते कधी काही उणं बोलले नाहीत. ऑपरेशनचा विषय मीच काढला तेव्हा म्हणाले, "तुला हवं तर कर. माझ्यासाठी करू नकोस." मी ठरवता ठरवता ते आजारी पडले. ते गेल्यावर वाटलं, आता ती इच्छाही जाईल. गेली नाही. दाखवायला कोणी नव्हतं आणि तरी हवं होतं. तेव्हा कळलं की हे माझं स्वतःचं आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, कोणालाही नाही. मला त्यांची आठवण रोज येते. दोन्ही खरं आहे.

दुकान बंद होणार नाही. औषधवाल्याने त्याच्या भावाच्या दुकानाचं काम सांगितलं आहे, आणि शाळेच्या खिडक्यांचं जवळजवळ ठरलं आहे.

राग गेला नसेल तर रागावूनच या, पण या. भांडायचं असेल तर आपण भांडू. माझा आवाज आता मोठा झाला आहे.

दुकान चालवणारी,
तुमची भावजय