रॉयसची सही

पाइन स्प्रिंग,
६ नोव्हेंबर १९६६

चि. हॉलिस यास,
अ. उ. आ.

शनिवारी तुमचं कॉलेज पुन्हा हरल्याचं पाद्रीबाईंकडून कळलं. तुमचे सामने रेडिओवर कुठे असतात! वाईट वाटलं.

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवते. गुरुवारी विद्यापीठाचे मिस्टर टॉलिव्हर आमच्याकडे आले होते. तिथल्या फुटबॉल संघासाठी गावोगावची मुलं हेरून आणण्याचं काम त्यांच्याकडे आहे. माझ्या रॉयसला ते सप्टेंबरपासून पाहत होते म्हणे. आल्याआल्या त्यांनी एमेट गेल्याचं, रॉयसचं पितृछत्र हरपल्याचं दुःख व्यक्त केलं, मग जेवायला थांबले. पेकनचे दाणे घालून केलेल्या माझ्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, आमच्या आईनंतर असा केक कोणी केला नाही. तू हसशील. मलाही ते खरं वाटलं नाही. पण जूनपासून या टेबलाशी कोणी मोठ्यानं बोललेलं नव्हतं, म्हणून बरं वाटलं.

रॉयसचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं ते करणार. तुला ठाऊक आहे, एमेट दर शनिवारी लाकडाच्या गिरणीतून यायचा तो थेट रेडिओपाशी बसायचा, याच विद्यापीठाचा सामना ऐकायला. तेच लोक आता दारात आले, तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? रॉयसनं तुझ्या संघात यावं असं तुझ्या मनात आहे, हे मी जाणते. रागावू नकोस.

नॅनला आठवण सांग. माया आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
व्हेल्मा

कॉल्डर,
११ नोव्हेंबर १९६६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो नाही असं लिहिलं तर तू लगेच ओळखशील, म्हणून रागावलो असंच लिहितो.

टॉलिव्हरना मी चांगला ओळखतो. आमच्या लहानशा कॉलेजात मीच प्रशिक्षक, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाराही मीच, आणि माझ्याशी लग्न केलं म्हणून संघाचे कपडे धुते नॅन. एखादा मुलगा शोधून मी वर्षभर त्याच्या घरी जातो. शेवटच्या महिन्यात टॉलिव्हर येतात, केक खातात आणि मुलगा घेऊन जातात.

त्यांना एक विचार. रॉयस पहिल्या ओळीत उभा राहून धडक घेणारा. त्या जागेसाठी त्यांच्याकडे आधीच किती मुलं आहेत? कितीतरी पोरं तिथे चार वर्षं सरावात घाम गाळतात आणि सामन्यात एकदाही उतरत नाहीत. ती खेळवायला घेतलेलीच नसतात ताई, दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून घेतलेली असतात.

यात माझा स्वार्थ आहे, तोही सांगतो. पुढचं वर्ष असंच गेलं तर फुटबॉल बंद करू, असं आमचे विश्वस्त म्हणतात. तेव्हा माझं बोलणं थोडं कमी धरून वाच. आणि केकचं म्हणशील, तर तो मध्ये कच्चा राहतो. हे तुला कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

धाकट्या भावावर कृपादृष्टी असू दे.

तुझा,
हॉलिस

पाइन स्प्रिंग,
८ डिसेंबर १९६६

चि. हॉलिस यास,
अ. उ. आ.

परवा तू दारातूनच परत फिरलास. रॉयस कुठे आहे ते मला खरोखर ठाऊक नाही. तुझा विश्वास बसला नाही, म्हणून लिहून सांगते.

सोमवारी टॉलिव्हर आले. रॉयसला आणि आणखी तीन मुलांना शनिवारपर्यंत मासेमारीला नेतो, शाळेची परवानगी काढली आहे, असं म्हणाले. मी एमेटचं जाड जाकीट त्याच्याबरोबर दिलं. कुठलं तळं, असं विचारलं तर म्हणाले, बाई, तुम्हाला ठाऊक नसलेलंच बरं, कोणाशी खोटं बोलायला नको. मी हसले. त्याचा अर्थ तू आल्यावर कळला. कॉलेजांच्या करारावर सह्या करायचा शनिवार उजाडेपर्यंत दुसऱ्या कुठल्या प्रशिक्षकानं गाठू नये, म्हणून मुलांना असं दडवून ठेवतात, हे मला कोण सांगणार होतं? अशा गोष्टी एमेट बघायचा.

बाप जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि तू पोराला परक्याच्या गाडीत बसवलंस, असं तू म्हणालास. हे म्हणायला नको होतं. ते खरं होतं म्हणूनच नको होतं.

फोन सारखा वाजतो. कुठले कुठले प्रशिक्षक रॉयसला विचारतात. दर वेळी वाटतं त्याचाच असेल. शनिवारी त्याला घरी आणतील, बरोबर वर्तमानपत्राचा फोटोवालाही येणार आहे. त्याच्या सहीखाली माझी लागते. काय करावं सुचत नाही.

बोलणं टाकू नकोस.

तुझी ताई,
व्हेल्मा

कॉल्डर,
१३ डिसेंबर १९६६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वर्तमानपत्रात फोटो पाहिला. रॉयसच्या खांद्यावर टॉलिव्हरचा हात आहे. तू कॅमेऱ्याकडे पाहत नाहीस.

त्या दिवशी बोललो ते चुकलो. नॅननं दोन दिवस मला जेवायला वाढलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुझ्या बहिणीचा नवरा गेलाय आणि तू संघातला एक मुलगा हातचा गेला म्हणून रडतोयस.

रॉयसला शाबासकी सांग. जमलं तर क्षमा कर.

तुझा,
हॉलिस

पाइन स्प्रिंग,
२२ जानेवारी १९६७

चि. हॉलिस यास,
अ. उ. आ.

क्षमा कधीच केली. केक मात्र तुला यापुढे मिळायचा नाही.

सहीचं सांगायचं राहिलं. रॉयसनं कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, आई, बाबांना आवडलं असतं. मग मी केली.

त्यानंतर टॉलिव्हरांचा एक फोन नाही, चिठ्ठी नाही. नोव्हेंबरात दिवसाआड फोन असायचा. रॉयस रोज टपालपेटीकडे माझ्याआधी जातो. एकदा त्यानंच फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, साहेब मुलं बघायला बाहेरगावी गेलेत. काल जेवताना सहज म्हणाला, की मासेमारीला नेलेले चौघेही पहिल्या ओळीतले, त्याच्याच जागेवरचे होते. मी पानातला मक्याचा पाव नुसता चिवडत बसले.

एवढंच विचारते. ती सही झाली म्हणजे आता कायमचं झालं का?

तुझी ताई,
व्हेल्मा

कॉल्डर,
२७ जानेवारी १९६७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही, कायमचं नाही. डिसेंबरातला कागद फक्त त्यांच्या गटातल्या विद्यापीठांपुरता. तो केला की मुलगा गटातल्या दुसऱ्या कोणाकडे जाऊ शकत नाही. आम्ही त्या गटाबाहेरचे, आम्हाला कोण विचारतं? देशभर बांधणारी सही वसंतात होते. तेव्हा टॉलिव्हर पुन्हा येतील. तोवर रॉयस मोकळा आहे.

म्हणजे मी उद्या गाडी काढून येऊ शकतो. येणार नाही. नॅन म्हणते, तुझं डोकं फिरलंय. पण तुझ्या दारात जे बोललो त्यानंतर मी आलो, तर रॉयस तुझ्या चेहऱ्याकडे बघून हो म्हणेल. अर्ध्या मनानं पहिल्या ओळीत उभा राहणारा मुलगा हाड मोडून घेतो. यायचं असेल तर त्यानं स्वतः विचारावं.

त्याला नियम सांग, त्यापुढे काही नको. आमचे विश्वस्त एप्रिलात निर्णय घेणार, हे तर अजिबात सांगू नकोस.

जीव लावतेस, तसाच लावत राहा.

तुझा,
हॉलिस

पाइन स्प्रिंग,
१९ मार्च १९६७

चि. हॉलिस यास,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तेवढंच मी रॉयसला सांगितलं. त्याचं उत्तर तुला कळवलं नव्हतं. तो म्हणाला होता, मी विद्यापीठातच जाईन, चार वर्षं बाकावर बसवलं तरी चालेल, बाबांनी जे नुसतं ऐकलं ते मी जवळून बघेन. मी वाद घातला नाही.

काल टॉलिव्हर आले. रॉयसनं टाय लावला होता. त्यांना घाई होती, संध्याकाळच्या आत आणखी दोन घरं करायची होती. टेबलावर कागद पसरला, पेन दिलं. रॉयसनं पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात टॉलिव्हरांनी घड्याळ पाहिलं आणि मला विचारलं, मिस्टर प्रुइट गिरणीतून केव्हा येतील, या खेपेला त्यांचीही सही घेऊन टाकू.

मी कॉफी ओतत होते. ती बशीत सांडली.

रॉयस अगदी अदबीनं म्हणाला, सर, बाबा गेल्या जूनमध्ये वारले. टॉलिव्हर लाल झाले. म्हणाले, बाई, माफ करा, फार घरं फिरतो मी, फार मुलं असतात. त्यांना खरंच वाईट वाटलं असणार. ते वाईट गृहस्थ नाहीत. रॉयस म्हणाला, हो सर, तुमच्याकडे मुलं फारच आहेत. मग त्यानं टोपण लावलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. टॉलिव्हर बराच वेळ समजावत राहिले, एवढी मोठी संधी पोरगेपणानं घालवू नकोस म्हणाले. रॉयस उठून त्यांची हॅट घेऊन आला.

ते गेल्यावर तो परसात लाकडं फोडत बसला. आम्हाला आता लाकडं लागत नाहीत. जेवताना विचारलं, मामा अजून घेईल का मला. मी म्हटलं, मामालाच विचार.

हे लिहिते आहे तेव्हा तो समोरच लिहीत बसला आहे. दोन कागद फाडून झाले, तिसरा चालू आहे. माझं पत्र उद्या जाईल, त्याचं बहुधा परवा. ते आलं की तुला आधी काही ठाऊक नव्हतं असं दाखव. आणि लगेच हो म्हणू नकोस. मामानं विचार करून घेतलं, असं त्याला वाटू दे.

तुझी ताई,
व्हेल्मा