ओढ्यावरची तीन फुलं

सारातोव, १२ एप्रिल १९७४

प्रिय आई,

तुला इथूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे. खोली उबदार आहे, कारखान्याच्या खानावळीत कोबीचं गरम सूप मिळतं. तुझे गुडघे काय म्हणतात? शेजारचा तिखोन लाकडं फोडून देतो ना?

तू सांगितलंस तशी काल आपल्या कुंभारवाडीत जाऊन आले. आई, वाडी राहिली नाही गं. टेकडी कापून पाच मजली इमारती उठल्यात. आपलं घर होतं तिथे ट्राम वळते. सफरचंदाचं झाड तेवढं आहे, त्यावर कुणीतरी धुणं वाळत घातलंय.

आणि ओढा नळात घालून वर रस्ता केलाय. आपला सेन्या बुडाला तिथे आता लोखंडी जाळी आहे. मी गुडघे टेकून कान लावला. खाली पाणी खळखळत होतं. झाडूवाली ओरडली, "काय गं, किल्ल्या पडल्या का?" मी हो म्हटलं.

इथे होतीस तोवर दर वसंतात सेन्यासाठी ओढ्यावर न्यायची फुलं घेताना तू फुलवालीशी भांडायचीस. "मेलेल्याला दोन वाहतात. माझा पोरगा सापडला नाहीये अजून. जिवंत माणसाला देतात तशी तीन दे!"

तिथून उठून मी ट्रामच्या थांब्यावर फुलं घ्यायला गेले. फुलवालीनं विचारलं, "किती देऊ?" तोंडातून तीन निघेचना.

रागावू नकोस आई. मी दोन घेतली.

तुझीच,
ग्लाशा