धुतलेला मेणपत्रा

२७ जानेवारी
काल ग्रामसभेत बोललो. सरपंचांनी दोनदा 'आवरा' अशी चिठ्ठी पाठवली, दोन्ही खिशात घातल्या. विषय: शेजारच्या नारायणरावांच्या मधपेट्या. आमच्या बांधाला लागून ठेवल्या होत्या. माश्या इटालियन! सुलतानपूरच्या फुलावर इटलीच्या माशीनं का बसावं, असा सवाल सभेला टाकला. टाळ्या.
नारायणराव एस.टी.तले निवृत्त कंट्रोलर, आवाज अजून फलाटावरचाच. पण काल गप्प. आज सकाळी पेट्या टेम्पोत घालून उंद्रीला मेहुण्याच्या शेतात नेल्या. पूर्ण विजय.
आमची सौ. मंजुश्री मात्र खूश नाही. म्हणाली, माझ्या कांद्याले फुलाचे गोंडे येऊन राह्यले अन् तुमी माश्या हाकलल्या? बी काय तुमच्या भाषणानं भरनार हाये?
तिचा बियाण्याचा कांदा. पहिलंच वर्ष, सगळं तिच्या एकटीच्या हिमतीवर. गोंड्यावर माशी फिरली नाही तर बी पोचट, हे मान्य. म्हटलं, फुलं उमलायच्या आत देशी माश्या आणतो. शब्द दिला. दिलेला शब्द मी मोडत नाही.

२ फेब्रुवारी
बुलढाण्याहून देशी, सातेरी माश्यांची पेटी आणली. बसमध्ये, मांडीवर. कंडक्टर हरकत घेत होता. त्याला नागरिकांच्या हक्कांवर थोडं सांगितलं. शेवटची सीट रिकामी करून दिली.
पेटीत माश्या थोड्याच. बाकी कोऱ्या चौकटी आणि प्लॅस्टिकचे मेणपत्रे. पत्र्यावर षटकोनी नक्षी असते, तिच्यावर माश्यांनी पोळं उभारायचं. पोळं झालं की राणी अंडी घालते, माश्या वाढतात, कांद्यावर जातात. सरळ हिशोब. फुलं उमलायला पंधरवडा आहे.

३ फेब्रुवारी
धक्कादायक. पत्र्यांवर आधीच मेणाचा लेप! म्हणजे माश्यांना आयतं. आयत्या मेणावर घर बांधणारी जमात उद्या आयता मधही मागेल. गरम पाणी, सोडा, तारेची घासणी. दुपारपर्यंत पत्रे आरशासारखे.
मंजुश्री धावत आली. लेप काऊन काढला? त्या वासानंच तर त्या पत्र्यावर चढतात!
म्हटलं, वासानं चढतो तो लोभ, विचारानं चढते ती निष्ठा. वाक्य फार चांगलं झालं. पुढच्या व्याख्यानात वापरायचं.

५ फेब्रुवारी
काम शून्य. माश्या जुन्या पोळ्यावर गोळा होऊन बसतात, पत्र्याकडे फिरकत नाहीत.
झाकण काढून दोन शब्द बोललो. माश्या शांत करायचं धुराडं वापरलं नाही. जन्मभर अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध बोललो, आता माशीपुढे धूर करू? उघड्या तोंडानं सामोरा गेलो. वरच्या ओठाला डंख. प्रतिगामी शक्ती नेहमी वक्त्याचं तोंडच गाठतात.

८ फेब्रुवारी
दिवसातून तीनदा पेटी उघडून आढावा घेतो. देखरेखीशिवाय या देशात कुठलंच काम होत नाही.
आज कट उघडकीला आला. माश्यांनी पोळं बांधलंय! पण पत्र्यावर नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला, लोंबतं, वाकडं. म्हणजे येत नाही असं नाही, करायचं नाही! शिस्त म्हणून तोडून टाकलं.
मंजुश्रीनं तुकडे उचलले. पांढरेशुभ्र होते. बराच वेळ हातात धरून उभी होती. पटलं असावं.

११ फेब्रुवारी
आज राणीमाशी प्रथमच दिसली. मुळात राणी हा प्रकारच मला मान्य नाही. प्रजासत्ताक दिनाला झेंड्याखाली बोलणारा माणूस आपल्याच बांधावर राजेशाही पोसतोय. तिला हे स्पष्ट सांगितलं. पळाली. जनतेला सामोरं जायची हिंमत नाही.
नवीन बांधकाम: नाही.

१३ फेब्रुवारी
मंजुश्री वाटीत साखरेचं पाणी घेऊन पेटीकडे निघाली होती. पोटात काही गेलं तर मेण सुटेल म्हणे. वाटी काढून घेतली. मतासाठी साडी वाटणारे आणि मेणासाठी साखर वाटणारे यांत फरक काय?
तर म्हणे, मंग त्यायले काय भाषण पाजू?
संध्याकाळी नारायणरावांचा फोन. सर, सभा कशी चालू हाये? कोरम भरला का? फोन ठेवला. असल्यांशी वैचारिक पातळीवर बोलता येत नाही. ओठ अजून सुजलेला, हेही एक कारण.

१५ फेब्रुवारी
दोष चौकटींचा असणार. वहाबभाई सुतारांना बोलावलं. त्यांनी गुण्या लावून दाखवला. सब सीधा है. तरी मी लाकडाच्या दर्जावर बोललो. ते बिडी पेटवून ऐकत राहिले. मग म्हणाले, सर, लकडी जवाब नहीं देती, इसलिए उसको सुना रहे क्या?
गावात विरोधक वाढत चालले आहेत.

१८ फेब्रुवारी
पेटी रिकामी.
राणीसकट सगळ्या गेल्या. कुठे, कळत नाही. पत्रे स्वच्छ. याला पलायनवाद म्हणतात. संघर्ष टाळून कोणाचं भलं झालंय? हा प्रश्न मी रिकाम्या पेटीला विचारला.
कांदा नेमका आजच उमलला. सगळं शेत पांढरं. आणि चिडीचूप.

१९ फेब्रुवारी
मंजुश्री उजाडल्यापासून मऊ फडकं घेऊन शेतात. एका गोंड्यावरून फिरवायचं, मग दुसऱ्यावरून. माश्यांचं काम. दुपारी हाक मारली, जेवायला ये. म्हणाली, हे सारं शेत झाल्यावर येते. शेत संपणार नाही हे तिलाही दिसत होतं.
मदतीला गेलो. थोड्या वेळानं म्हणाली, तुमी जा, दांडे मोडून राह्यले.

२० फेब्रुवारी
नारायणरावांकडे जायचं ठरवलं. माफी नाही. धोरणात्मक फेरविचार. मुद्दे काढले: सहकाराचा इतिहास, शेजारधर्म, माशीला सरहद्द नसते. शेवटचा मुद्दा ग्रामसभेतल्या भाषणाच्या उलट जातो, पण मोठी माणसं विकसित होत असतात.
ओसरीवर बसवलं. पाणी दिलं. सहकाराच्या इतिहासाला सुरुवात केली, तेवढ्यात म्हणाले, सर, राहू द्या. वहिनीचा सकाळीच फोन आला. टेम्पो सांगतला हाये. एकच अट. तुमी पेटीजवळ यायचं नाई.
विचारलं, आणि माझे मुद्दे?
म्हणे, ते घरी घेऊन जा.

२२ फेब्रुवारी
पहाटे पेट्या आल्या. मी रस्त्याच्या कडेला उभा. बांधाच्या आत पाऊल टाकलं नाही. तो माझा निर्णय.
ऊन चढलं तशा माश्या बाहेर पडल्या आणि थेट गोंड्यांवर. थोड्याच वेळात शेत घुमायला लागलं. मंजुश्रीनं फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि दोन वाफ्यांच्या मधे मातीतच बसली. पाय लांब केले. नारायणराव तिला काहीतरी सांगत होते. ती हसली. महिनाभरात हसलेली पाहिली नव्हती.
रस्त्यानं एक बाई चालली होती. थांबून म्हणाली, अबब, केवढ्या माश्या! कोनाच्या हो भाऊ?
घसा साफ केला. आतून मंजुश्रीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
नारायणरावांच्या, म्हटलं.
बाई म्हणाली, बरं झालं बाप्पा. आणि निघाली. पुढे बरंच सांगण्यासारखं होतं. ती थांबली नाही.