पोरगी कुणाकडे राहते

प्रिय धाकट्या,

तुझ्या वकिलाचा कागद मशीनवर बसल्या बसल्याच वाचला. डोक्यात अशी तिडीक गेली, की गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी लावून बसले. ‘मुलगी वर्षातले एकशे वीस दिवस वडिलांकडे राहते, हे मी स्वतः पाहिले आहे.’ खाली माझं नाव, सहीला जागा मोकळी. वा रे वा!

कधी पाहिलं रे मी? दर शुक्रवारी शाळा सुटली की तू तिला माझ्या दारात उतरवतोस, गाडीसुद्धा बंद करत नाहीस. रविवारी संध्याकाळी उचलतोस आणि तिच्या आईकडे सोडतोस. सुट्टीतही तेच. दात दुखला तेव्हा दवाखान्यात मी बसले. गणितं मी तपासते, चुकीचं तपासते ती गोष्ट वेगळी. मी कधी तोंडातून ब्र काढला नाही, कारण मला ती हवीच असते. मशीनखाली बसून चिंध्यांच्या टोप्या करते, अखंड बडबडते. पण हे दिवस तू कोर्टात स्वतःच्या नावावर दाखवतोयस, हे आत्ता कळलं.

कोर्टाचा हिशेब मी नीट समजून घेतला. दोघांची कमाई बघतात, मूल कुणाकडे किती दिवस असतं ते बघतात, आणि त्यावरून मुलीच्या खर्चाचे तू किती द्यायचे ते ठरतं. तुझे दिवस वाढले की रक्कम घटते. म्हणजे पोरीला जेवू मी घालायचं, आणि तिच्याच ताटातलं तू काढून घ्यायचंस! लाज कशी वाटली नाही? तुझी नोकरी गेली असती, तर रक्कम कमी करा म्हणून मीच कोर्टात हात जोडले असते. पण तुझा तर पगार वाढलाय. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, त्यात काय चुकलं तेच शोधतेय.

सही केलेली नाही. खरे दिवस लिहून आज तिच्या आईच्या वकिलाकडे देऊन आले. सोमवारी कोर्टात तेच सांगणार. तुला तिथे अचानक कळू नये, म्हणून हे पत्र. यापुढे तू तिला माझ्याकडे आणणार नाहीस, हेही जाणून आहे. मग तुझ्या घरी ने. झोपताना तिला दिवा चालू लागतो, तुला माहीत नसेल.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई