तीनदा आवळलेला कोट

गुरुवार, १४ मार्च

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या नवऱ्याचा खोकला कमी झाला नसेल तर त्याला म्हणावं, आधी सिगरेट सोड. इकडे मी ठणठणीत आहे. कुंड्यांना मावा लागला होता, साबणाचं पाणी फवारून मारला.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मात्र "ताई, तू उगाच घाबरवतेस" म्हणून गप्प करता येत नाही. कुरिअरने पाठवतेय, उद्या दुपारी मिळेल. बसून वाच.

गेल्या शुक्रवारी बाथरूममधलं बेसिन तुंबलं. प्लंबर आला. खालचा पाइप उघडून त्याने बादलीत जे काढलं, त्याच्या वासाने मी दाराबाहेर पळाले. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी, शेवटची नऊ मेट्रन म्हणून! त्याने रुमाल नाकाशी धरून विचारलं, "मावशी, घरात कुणी आजारी आहे का?"

"छे! मी आणि माझी भाची. ती डॉक्टर होतेय."

"असेल. पण हे भांड्यातलं खरकटं नाही, पोटातून आलेलं आहे. आणि एक-दोन दिवसांचं नाही."

प्लंबरला दहा मिनिटांत कळलं. मला आठ महिन्यांत कळलं नाही.

तुझी ढब्बू कॉलेजातून आली तेव्हा मी बादली तशीच ठेवली होती. मुद्दाम. तिने पाहिलं, रडली नाही, बॅग खाली ठेवली, पुस्तक काढलं आणि एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. सगळं पान पिवळ्या पेनाने रंगवलेलं. हाच आजार, गं, खाल्लेलं घशात बोटं घालून ओकून टाकण्याचा. कारणं, लक्षणं, हृदयावर काय होतं, दातांवर काय होतं, सगळं. म्हणाली, "मावशी, मला पाठ आहे हे. परीक्षेत आलं तर पूर्ण मार्क पडतील." आणि हसली. तिचे पुढचे दात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. कडा झिजून काचेसारख्या झाल्या आहेत. दोन बोटांच्या सांध्यांवर घट्टे आहेत. मला ते लिहिण्याचे वाटत होते.

हे सुरू कुठून झालं ते ऐक. पहिल्या वर्षी त्यांचं एक प्रॅक्टिकल असतं. शरीरातली चरबी मोजायची. एका मुलाला किंवा मुलीला वर्गासमोर स्टुलावर बसवतात, दंडाची कातडी चिमट्यात धरतात आणि आकडा मोठ्याने सांगतात. मग सगळे तो आपापल्या वहीत उतरवतात. यंदा मास्तरांनी ढब्बूला बसवलं. "या इकडे, तुमच्याकडे मोजण्यासारखं आहे," असं म्हणाले. वर्ग हसला. साठ जणांच्या वहीत तिच्या दंडाचा आकडा आहे, बेबी, खाली मास्तरांच्या सहीसकट.

सोमवारी मी त्या मास्तरांकडे गेले. मी मेट्रन असताना हा मनुष्य इंटर्न होता, सलाइनची सुई तीनदा टोचून पेशंटला रडवायचा. आता फिरती खुर्ची आहे. चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, दर बॅचला दोन-चार अशा निघतात. ताण असतो. पण बहुतेक हुशार मुलीच असतात, हे तुमच्या लक्षात आलं का? निकाल उत्तम लावतात."

मी म्हटलं, "दोन-चार निघतात हे ठाऊक आहे, आणि स्टूल अजून तिथंच आहे?"

तर म्हणे, अभ्यासक्रमात आहे. मी चहा तसाच ठेवून उठले. बाहेर भिंतीवर फलक होता, "आरोग्य हीच सेवा." त्याच्यावर थुंकावंसं वाटलं. कॉन्व्हेंटने केलेले संस्कार आड आले.

मंगळवारी तिला घेऊन माझ्या जुन्या ओळखीच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली, रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला आणि मला एकटीला आत बोलावलं. "आजच ॲडमिट करा. रक्तातले क्षार इतके खाली आहेत की वर्गात बसल्या जागी हृदय थांबू शकतं. नंतर काही महिने उपचार लागतील. ही बरी होऊ शकते, पण वेळ घालवू नका." मी तिला समजावलं, ओरडले, हातही जोडले. ती सज्ञान आहे, सही तिची लागते. तिचं एकच, "आई परीक्षा चुकवू देईल का? आई हो म्हणाली तर करते." तेव्हापासून रोज सकाळी रक्त तपासायला नेते, क्षारांचं औषध समोर बसून देते. डॉक्टरीणबाई म्हणतात ही ठिगळं आहेत, बेड राखून ठेवलाय.

म्हणून तुला फोन केला. तू काय म्हणालीस ते शब्दशः लिहिते, म्हणजे पुन्हा ऐकशील. "परीक्षेला तीन आठवडे राहिलेत ताई, वर्ष वाया जाईल. तोवर तू तिला चांगलंचुंगलं खाऊ घाल. आणि मानसोपचार वगैरे कुणाला बोलू नकोस, उद्या लग्नात आडवं येईल."

मला तुझी किळस आली. लिहायला नको होतं, पण आली. फोन ठेवून मी हात धुतले.

इथवर पत्र आज सकाळीच झालं होतं. पाकीट बंद करणार होते. सगळ्यांची पापं लिहून झाली होती, मास्तरांची, तुझी. मग तिचा पांढरा कोट धुवायला घेतला आणि पाकीट बाजूला ठेवलं.

तो कोट मी तीनदा आवळलाय, बेबी. दिवाणखान्यात, माझ्या मशीनवर. दिवाळीचं कापड शिवावं अशा हौसेने नव्हे, त्याहून जास्त. पहिल्यांदा बाजू आत घेतल्या तेव्हा तिला आरशासमोर फिरवून म्हटलं, "बघ, आता कशी डॉक्टर दिसतेस!" दुसऱ्यांदा खांदे घेतले. तिसऱ्यांदा टाचण्या लावताना तिच्या पाठीचे मणके माझ्या बोटांना लागले, एकेक मोजता येत होता. आणि मी टाचणी लावली. पेशंटची असती ती पाठ तर मी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला असता.

त्याहून वाईट आधीचं आहे. त्या स्टुलाच्या दिवशी ती रडत घरी आली होती. मी तिला जवळ घेतलं असं तुला सांगितलं होतं ना? घेतलं नाही. मी ऑम्लेट उलटत होते. पाठमोरीच म्हणाले, "मग थोडी कमी हो. डॉक्टरच जाड असेल तर पेशंटला कुठल्या तोंडाने सांगणार?" ते ऑम्लेट तिने खाल्लं नाही. तेव्हापासूनच.

आणि ढब्बू हे नाव कुणी ठेवलं? मीच. पाळण्यात. तू हसलीस आणि ते चिकटलं. वरती मी ते सवयीने लिहिलंय, खोडत नाही, दिसू दे. यापुढे तिला त्या नावाने हाक मारायची नाही, मीही नाही आणि तूही नाही.

आज दुपारी मी तिन्ही शिलाया उसवल्या. कापडावर सुईच्या भोकांच्या रांगा राहिल्यात, इस्त्रीनेही जात नाहीत. कोट दाराच्या मागे टांगलाय. ती आली, पाहिलं, बाहीला हात लावला आणि विचारलं, "हा माझ्या अंगावर लोंबेल ना, मावशी?"

मी म्हटलं, "हो. काही दिवस लोंबेल."

तिने नाही म्हटलं नाही, बेबी. मी वाट पाहिली, पण नाही म्हटलं नाही.

पत्र मिळताच नीघ. परवा सकाळी नऊला डॉक्टरीणबाई आपली वाट पाहतायत. दारात तिला "किती वाळलीस गं" म्हणू नकोस, "छान दिसतेस" तर मुळीच नको. परीक्षेचं नाव काढू नकोस. फक्त "हो" म्हण, तिच्याकडे बघून, फोनवर नाही. तुझ्या एका शब्दासाठी ती अडून बसलीये. मी "थोडी कमी हो" म्हटलं, तो शब्द तिने आठ महिने पाळला. तुझाही पाळेल.

वाट पाहतेय.

मणके हाताला लागूनही टाचणी लावणारी,
तुझी ताई