भट्टीचं पाणी

बाबा, आज सकाळी पाणी गाळायच्या मशीनचा माणूस येऊन गेला. सिविक सेंटरच्या दुकानातून घेतलेलं मशीन आहे, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं. त्यानं ते उघडलं, आतलं नळकांडं ओढून काढलं आणि माझ्या पुसलेल्या ओट्यावर ठेवून दिलं. बुळबुळीत, तपकिरी, मेलेल्या घुशीसारखं. मी ओरडले, हा कचरा इथे कशाला ठेवतोस? तर तो शांतपणे म्हणतो, "आंटी, कचरा नहीं है, चारकोल है। नारियल के खोल का बनता है। पहले लोग फेंक देते थे।" तुम्ही असतात तर त्याला खुर्ची देऊन, चहा पाजून दुपारपर्यंत सोडलं नसतं. मी त्याला वाटेला लावलं आणि ओटा दोनदा साबणानं घासला. वास गेला नाही. वास होताच कुठे म्हणा, तो माझ्या नाकातच आहे, कामगारांच्या कॅम्पातल्या घरापासून.

कॅम्पातलं ते पाणी आठवलं तरी अजून अंगावर शहारे येतात. पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता, सेक्टरातली क्वार्टर्स बांधून व्हायची होती, आणि आपण टिनाच्या छपराखाली राहत होतो. तुम्ही लॅबमध्ये केमिस्ट, भंडाऱ्याकडून आलेल्या आपल्या लोकांत एकटे शिकलेले, म्हणून घरांची सगळी ओळ तुम्हाला साहेब म्हणायची. हापशाचं पाणी निघताना स्वच्छ दिसायचं आणि दुपारपर्यंत बादलीत लाल व्हायचं. वर तेलासारखी साय धरायची. त्याचा भात पिवळट, तुमची धोतरं पिवळट, आणि चहा तर शाईसारखा काळा. आई तो चहा गाळताना तोंड फिरवून घ्यायची. "या पान्यात लोखंड हाय," तुम्ही कौतुकानं सांगायचात. "अवो, म्हणून तर इथं कारखाना बांधून राहिले!" आई म्हणायची, "मंग कारखान्याले पाजा ते. आमाले कावून पाजून राहिले?"

मग तुम्ही तो ड्रम आणलात. मागच्या पडवीत विटांवर बसवलात, बुडाला तोटी लावलीत, खाली गिट्टी, तिच्यावर शिवनाथ नदीची रेती, आणि रेतीवर जे मिळेल ते. तुमचं म्हणणं एकच होतं, की लोक जे फेकतात त्यातलंच काहीतरी पाण्यातली घाण धरून ठेवतं, फक्त काय ते शोधायचं. शोधायला तुम्हाला जिभा हव्या होत्या, आणि त्या घरात होत्याच. विटांचा भुगा घातलात, पाण्याला मातीची चव आली. रेल्वेच्या इंजिनातून पडलेला अर्धवट जळका कोळसा घातलात, पाण्याला धुराची चव आली. चिंचोके भाजून घातलेत, त्याची चव मी सांगणार नाही. दर वेळी पेला पुढे करायचात आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचात. "वास येते? नीट सांग." मी कॉलेजात जाणारी मुलगी, पुस्तक हातात, आणि बाप सकाळी सकाळी जीभ बाहेर काढायला लावतो. अंड्यांची टरफलं आणलीत तेव्हा आईनं पदर नाकाला लावून तुम्हाला पुडीसकट घराबाहेर काढलं. तुम्ही बाहेरूनच सांगत होतात, "अवो, धुतलेली हायेत!"

शेवटी धानाच्या कोंड्यानं काम केलं, हे मला मान्य करावं लागतं. राइस मिलवाले तो ढिगानं टाकून द्यायचे. तुम्ही झाकणाच्या डब्यात तो धुमसत ठेवायचात, राख होऊ न देता नुसता काळा करायचात, धुऊन ड्रममध्ये भरायचात. रेतीत लाली अडकायची आणि कोंड्याच्या कोळशात वास. पाणी पांढरं निघालं. चहाला चहाचा रंग आला आणि आई त्या दिवशी दोनदा चहा प्यायली. पण त्याची काजळी आमच्या धुतलेल्या कपड्यांवर, केसांत, ताकात. ओळीतल्या बायका कळशा घेऊन आपल्या पडवीत यायला लागल्या आणि तुम्ही मधोमध उभे, काळ्या हातांचे, सत्यनारायणाच्या भटजीसारखे तीर्थ वाटत. मला लाज वाटायची. आजही वाटते, खोटं कशाला बोलू?

तिथेच थांबला असतात तर माझं आयुष्य नागपुरात गेलं असतं. पण पहिली भट्टी पेटली आणि तुमचं डोकं फिरलं. एकट्या तुमचंच नाही. लोखंड वितळताना त्याच्यावर जी मळी तरंगते, जिला तुम्ही सगळे स्लॅग म्हणायचात, ती थंड झाल्यावर लोक तिचे खडे प्रसादासारखे घरी घेऊन गेले. हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवले. ओळीतल्या एकाही घरात त्याला कुणी हसलं नाही. तुम्ही माझ्यासाठी एक खडा रुमालात बांधून आणलात, माझ्या ओंजळीत ठेवलात आणि म्हणालात, "हे तुह्यासाठी. आपल्या भट्टीचं पयलं." तुमचे डोळे भरले होते. आईनं तो बाळकृष्णाशेजारी ठेवला. इथपर्यंत ठीक होतं. पण तुम्ही पोतंभर आणला होतात. बाकीचा फोडून, चाळून, कोंड्याचा कोळसा उपसून टाकून, तुम्ही तो ड्रममध्ये भरलात. वरून पाणी ओतलंत, खालून लगेच पेला भरून चाखलंत, मला चाखवलंत. काही वास नव्हता. "उद्या पाव्हण्याईले आपल्या भट्टीचं पानी पाजतो," म्हणालात.

पाहुणे म्हणजे मला बघायला येणारी मंडळी. मुलगा नागपुरात सरकारी कचेरीत. त्याचा फोटो मी आईच्या ट्रंकेतून काढून अनेकदा पाहिला होता, हे तुम्हाला कधी कळलं नाही. मला तो आवडला होता. आणि त्याहून जास्त मला नागपूर हवं होतं, नळाला पांढरं पाणी असलेलं घर, जिथे मला कुणी जीभ बाहेर काढ म्हणणार नाही. उन्हाळा ऐन भरात होता. मंडळी पावर हाउस स्टेशनला उतरून रिक्षानं आली, घामानं निथळत, घसा कोरडा. आईनं माहेरचे चांदीचे पेले काढले होते. मी ट्रेमध्ये गुळाची वाटी ठेवली आणि तोटी सोडून पेले भरले. वास मला तिथेच आला. पण पडवीला लागून नाली होती, मला वाटलं नालीचा असेल.

रात्रभर ते पाणी त्या स्लॅगमध्ये उभं होतं, बाबा. तुम्ही वाहतं पाणी चाखलंत, मुरलेलं चाखलं नाहीत. केमिस्ट माणूस! मुलाच्या आईनं तहानेनं मोठा घोट घेतला, तिचे डोळे मोठे झाले, आणि ती उठून दारात गेली आणि थुंकली. सगळ्या ओळीसमोर. नासक्या अंड्याचा वास होता तो. पाण्याला हिरवट झाक होती, आणि चांदीच्या पेल्यांच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या. मुलाच्या वडिलांनी पेला नाकापासून लांब धरून विचारलं, "तुमच्याकडं अंडे चालतात वाटते?" आई म्हणाली, "राम राम! कांदासुदा चतुर्मासात नाही चालत आमच्याकडं." आणि तुम्ही? तुम्ही पुढे सरसावलात आणि समजावून सांगायला लागलात, की हे अंडं नाही, गंधक आहे, मळीत थोडं गंधक राहतेच, ही आपल्या भट्टीची... मला तिथल्या तिथे जमीन फाटावी असं वाटलं. मुलगा रुमाल नाकाला लावून भिंतीकडे बघत होता. फोटोतला देखणा चेहरा, आणि माझ्याकडे एकदा बघायचीही त्याला हिंमत झाली नाही. त्याचीही शिसारी आली मला.

मग तुम्ही एक पेला उचललात आणि सगळ्यांसमोर प्यायलात. सगळाच्या सगळा. कपाळावर एक आठी नाही. पेला खाली ठेवलात, मिशी पुसलीत आणि म्हणालात, "थंडगार हाय. घ्या न."

कुणी घेतला नाही. पोहे तसेच राहिले. पंधरवड्यानं नकार आला, आणि दुसऱ्या स्थळाच्या वेळी पाहायला येण्याआधीच बातमी पोचली होती. तुम्ही पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रम उलटा करून ती घाण मागच्या खड्ड्यात ओतलीत आणि पुन्हा कोंडा भाजायला बसलात. मी वाट बघत होते, की तुम्ही एकदा म्हणाल, चुकलं पोरी. पुढे माझं लग्न इथेच झालं, सेक्टर सहात, चांगल्या माणसाशी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्ही गेलात तोपर्यंत तो शब्द आला नाही. आणि मी सगळ्यांना, माझ्या मुलांनाही, हसत हसत हेच सांगत आले, की आमचे बाबा भट्टीवर इतके भाळले होते की पोरगी वाऱ्यावर सोडली आणि भट्टीचं घाण पाणी ढोसून दाखवलं.

आज तो माणूस गेल्यावर मी देव्हाऱ्यातला खडा काढला. हो, आहे अजून, आईच्या देव्हाऱ्यातून माझ्याकडे आलेला. कुंकवाचे थर बसून लाल झालाय. तो खलबत्त्यात ठेचला, स्टीलच्या पेल्यात पाणी घालून झाकून ठेवला आणि देवळात जाऊन आले, भाजी केली, झोप काढली. संध्याकाळी झाकण उचललं तर तोच वास. इतक्या वर्षांनी! खडा वरून म्हातारा झाला होता, आतून अगदी तसाच. मला वाटलं, बघू तरी. पेला ओठाला लावला. एक घोट तोंडात घेतला आणि घशाशी ओकारी आली, बेसिनपर्यंत जेमतेम पोचले.

तोंड धुताना आठवलं. तुम्ही पेला उचललात तो गंधकाचं सांगून झाल्यावर लगेच नाही. त्याच्यानंतर, दारातून परत येताना, मुलाची आई बोलली होती, "असं पानी पिऊन वाढलेली पोरगी आमच्या घरात आनायची का?" त्याच्यावर तुम्ही पेला उचललात. ती भट्टीला बोलली नव्हती, बाबा. मला बोलली होती. आणि भट्टीसाठी कुणी हे पाणी पीत नाही, मी आज पिऊन बघितलं. एवढं सांगायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं? माझा राग गेलेला नाही, तसं समजू नका. वास आवरत नाही म्हणून खिडकी उघडी टाकून हे लिहिते आहे, आणि पाठवायचं नाही म्हणूनच एवढं लिहिलं.

पेला अजून ओट्यावर आहे. मगाशी ओतून टाकायला उचलला आणि पुन्हा झाकून ठेवला.